एक्सचेंजला जायच्या आधी बघ: परत आल्यावर दाखवायला काय उरेल?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू तिसऱ्या वर्षाला आहेस, फोटोग्राफी आणि व्हिडिओ दोन्ही करतोयस, आणि कॉलेजकडून दोन पर्याय समोर आलेत. एक युरोपातल्या फिल्म स्कूलमध्ये पूर्ण सेमिस्टर, दुसरा एका प्रोडक्शन स्टुडिओत तीन महिन्यांची प्लेसमेंट. कुठला घ्यावा, पोर्टफोलिओत काय टाकावं, सामान काय न्यावं आणि तिथे राहून थोडी कमाई होईल का. मी डॉक्युमेंटरी शूट करते, शिकवते, आणि बरीच वर्षं मुलांना बाहेर पाठवायचं आणि बाहेरून आलेल्यांना सांभाळायचं कामही करतेय, त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू बघितल्यात. उत्तर लांब होणार आहे, सवडीने वाच.

आधी एक सांगते कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. निवड करताना देश कुठला, शाळेचं नाव केवढं, तिथे कुठला कॅमेरा मिळणार हे सगळं जरा बाजूला ठेव आणि स्वतःला विचार, की परत आल्यावर मी तिथे केलेलं काम मला उघडपणे, माझ्या नावाने दाखवता येईल का? ऐकायला साधं वाटतं पण मुलं परत येतात तेव्हा हार्ड डिस्क भरलेली असते आणि दाखवण्यासारखं हातात फारसं काही नसतं. कुणाच्या फिल्मचे हक्क शाळेकडे असतात, कुणी माणसांचे जीव ओतून पोर्ट्रेट काढलेले असतात पण कुणाचीच लेखी परवानगी घेतलेली नसते, कुणी स्टुडिओत दिवसरात्र राबलेलं असतं पण पहिल्याच दिवशी एनडीएवर, म्हणजे काम बाहेर न दाखवण्याच्या करारावर, सही केलेली असते, आणि कुणी अख्खं सेमिस्टर दुसऱ्याच्या फिल्मवर बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरून उभं असतं. अनुभव मिळतो, खरंय, तो कुणी हिरावून घेत नाही. पण तुमच्या धंद्यात अनुभव सांगून चालत नाही, तो दाखवावा लागतो.

आता फिल्म स्कूलच्या पर्यायाबद्दल. एक्सचेंज म्हणजे दोन संस्थांचा करार असतो, फी साधारणपणे तू तुझ्याच कॉलेजला भरतोस आणि तिथली फी माफ असते, पण राहणं, खाणं, विमा, प्रवास आणि प्रोजेक्टचा खर्च तुझा. युरोपातला सगळ्यात मोठा कार्यक्रम म्हणजे इरॅस्मस, १९८७ साली सुरू झाला, आता त्याला इरॅस्मस प्लस म्हणतात आणि युरोपाबाहेरच्या संस्थांशीही त्यातून देवाणघेवाण होते. शिकायला जायचं असेल तर २ ते १२ महिने. तुमच्या कॉलेजचा करार त्यातला आहे की स्वतंत्र दोघांमधला, हे आधी विचार, कारण स्कॉलरशिप मिळणार की नाही ते त्यावर ठरतं.

या शाळांमध्ये एक गोष्ट बाहेरच्या मुलांना आधी कुणी सांगत नाही. फिल्म स्कूलमध्ये मुलांच्या क्रू पहिल्या वर्षातच जमतात, कोण कोणाचा डीओपी (कॅमेरा सांभाळणारा), कोण कोणाचा एडिटर हे ठरून गेलेलं असतं, आणि तू मधूनच एका सेमिस्टरसाठी जाऊन पोचतोस. मुलं वाईट नसतात, प्रेमाने घेतात, पण त्यांच्या फिल्मवर तुला जे उरलंय ते काम मिळतं, आणि सेटवर सगळे आपापल्या भाषेत बोलतात. म्हणून शाळेला सरळ विचारायचं, एक्सचेंजच्या विद्यार्थ्याला स्वतःचा प्रोजेक्ट करता येतो का, त्याला इक्विपमेंट इतरांसारखंच मिळतं का, एडिट सूटचा स्लॉट मिळतो का, आणि कोणता शिक्षक त्याचा गाइड असतो. गोलमोल उत्तर आलं तर समज की जागा नाहीये.

याउलट काही ठिकाणी बाहेरच्यांसाठी मुद्दाम रचलेले कोर्स असतात. डेन्मार्कमध्ये ऑर्हुसला परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतून फोटोजर्नलिझमचं सेमिस्टर बरीच वर्षं चालत आलंय. तिथे वर्गातली बहुतेक मुलं बाहेरूनच आलेली असल्यामुळे कुणी कुणाच्या आधीच्या गटात घुसतोय असं होत नाही. प्रागची फामू ही १९४६ सालची शाळा, दिग्दर्शक मिलोश फोर्मन तिथलाच, तिथेही इंग्रजीतून शिकवणारा वेगळा विभाग आहे. आर्ल्सला फ्रान्सची राष्ट्रीय फोटोग्राफी शाळा १९८२ पासून आहे, गावात १९७० पासून दर उन्हाळ्यात फोटोग्राफीचा मोठा उत्सव भरतो, पण शिकवणं फ्रेंचमध्ये, आणि भाषा नसेल तर क्रिटला बसून तुझ्या हाती काही लागणार नाही. क्रिट म्हणजे सगळ्यांनी मिळून एकेकाचं काम भिंतीवर लावून त्यावर बोलणं, आणि माझ्या मते एक्सचेंजला जायचं खरं कारण तेच आहे. कॅमेरे सगळीकडे तेच असतात. पण तुझ्या फोटोकडे आजवर कधीच न पाहिलेल्या डोळ्यांनी कुणीतरी बघतं आणि विचारतं, हा फोटो इथे का आहे, आणि तुला उत्तर शोधावं लागतं, ते घरबसल्या होत नाही. त्यामुळे ज्या कोर्समध्ये दर आठवड्याला क्रिट आहे तो कोर्स, भले तिथली स्टुडिओची यादी छोटी असेल, मी डोळे झाकून वर ठेवीन.

आणि हक्कांचं विचारायला लाजू नकोस. विद्यार्थ्याने शाळेच्या साधनांवर बनवलेल्या फिल्मचा निर्माता शाळाच, असा नियम अनेक फिल्म स्कूलमध्ये असतो, काही ठिकाणी कॉपीराइटच शाळेकडे, काही ठिकाणी कॉपीराइट तुझा पण फेस्टिवलला पाठवायचा निर्णय शाळेचा. हे चूक आहे असं मी म्हणत नाही, शाळा त्यात पैसा घालते. पण तुला निदान शोरीलमध्ये, म्हणजे निवडक कामाच्या छोट्या व्हिडिओत, वापरायची आणि ऑनलाइन टाकायची लेखी मुभा हवी. फोटोच्या बाबतीत हा त्रास कमी, तिथे बहुतेक वेळा हक्क तुझेच राहतात.

अभ्यासाच्या क्रेडिटचं पटकन सांगते. युरोपात ते ईसीटीएस या पद्धतीने मोजतात, एका सेमिस्टरचे ३० क्रेडिट, वर्षाचे ६०, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम. तिथे कुठले विषय घेणार ते लिहिलेला लर्निंग अॅग्रीमेंट नावाचा कागद असतो, त्यावर तू, तुझं कॉलेज आणि तिथली शाळा अशा तिघांच्या सह्या. तिथे पोचल्यावर अर्धे विषय बदलतात हे गृहीत धर, टाइमटेबल जुळत नाही किंवा कोर्स रद्द होतो, तेव्हा तो बदल लगेच कागदावर आणून तिघांच्या सह्या परत घ्यायच्या. तोंडी ठीक आहे म्हणणाऱ्यावर विसंबून राहिलेल्यांचे क्रेडिट परत आल्यावर अडकतात.

आता स्टुडिओची प्लेसमेंट. तीन महिन्यांत तू खूप वेग शिकशील, फाइल कशी द्यायची, क्लायंटसमोर कसं उभं राहायचं, चुकलेला शॉट पाच मिनिटांत कसा सावरायचा, हे शाळेत इतकं चांगलं कुणी शिकवत नाही. पण तिथे जे बनतं ते क्लायंटचं असतं. म्हणून ऑफर लेटर येतं तेव्हाच विचारून घ्यायचं की माझं काम नक्की काय, कोणाच्या हाताखाली, नामावलीत माझं नाव म्हणजे क्रेडिट मिळेल का, आणि प्रोजेक्ट बाहेर पडल्यानंतर त्यातला माझा भाग मला पोर्टफोलिओत दाखवता येईल का. चांगले स्टुडिओ यावर चिडत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं की पोराला समजतं. बिहाइंड द सीन्स फोटो तरी वापरू द्या म्हणून विचार, ते बरेचदा मिळतात. आणि एडिटिंग किंवा ग्रेडिंगला (रंग-उजेड जुळवायला) बसवणार असतील तर रॉ आणि फायनल शेजारी ठेवून दाखवायची परवानगी माग, तेवढ्या एका फ्रेमने तुझं काम कळतं.

तीन महिन्यांवरून आठवलं. शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा शॉर्ट स्टे व्हिसा असतो तो कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा. कॅलेंडरचे तीन महिने म्हणजे बहुतेक वेळा ९१ किंवा ९२ दिवस होतात. प्लेसमेंटच्या पत्रावर तारखा लिहिताना हे बघितलं नाही तर शेवटचे दोन दिवस बेकायदा राहणं होतं आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जाला ते चिकटतं. शिवाय शॉर्ट स्टे व्हिसावर इंटर्नशिप चालेलच असं नाही, देशागणिक नियम वेगळा आहे, त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवर इंटर्नशिप किंवा ट्रेनी असा वेगळा प्रकार आहे का ते आधी बघ. अमेरिकेत एक्सचेंजसाठी जे-१ व्हिसा असतो, त्याला स्पॉन्सर संस्थेचा डीएस-२०१९ फॉर्म लागतो, आणि काही जणांना नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागते, ती व्हिसावर छापलेली असते, वाचून घ्यायची.

कमाईबद्दल मला जरा कडक बोलावं लागेल, कारण फोटो-व्हिडिओवाल्या मुलांचं नेमकं इथेच चुकतं. विद्यार्थ्याला आठवड्याला अमुक तास काम करता येतं हे सगळ्यांना माहीत असतं, ब्रिटनमध्ये डिग्रीच्या विद्यार्थ्याला टर्ममध्ये २० तास, जपानमध्ये वेगळी परवानगी काढली की २८ तास, जर्मनीत २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस. मुलं हे वाचतात आणि म्हणतात, मग शनिवार-रविवार एखादं लग्न शूट करू, एखादा म्युझिक व्हिडिओ करू. पण हे तास नोकरीचे असतात. कॅफेत काम केलं तर ते नोकरी, पण लग्न शूट करून बिल दिलं तर तो स्वतःचा व्यवसाय झाला, आणि ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला साफ मनाई आहे. जर्मनीतही स्वतंत्र व्यवसायासाठी निराळी परवानगी लागते. आणि पैसे नाही घेतले, फक्त क्रेडिटसाठी केलं, तर चालतं हा समजही धोक्याचा, कारण बिनपगारी कामसुद्धा काम म्हणूनच धरलं जाऊ शकतं. आपलं काम असं आहे की ते लपत नाही, फोटोखाली तुझं नाव असतं, तारीख असते, क्लायंट टॅग करतो. म्हणून बजेट करताना कमाई शून्य धर. काही मिळालं तर ते शाळेतल्या लॅबमध्ये किंवा इक्विपमेंट रूममध्ये असिस्टंट म्हणून मिळेल, आणि ते काम मिळत असेल तर जरूर घे, कारण इक्विपमेंट रूमच्या माणसाशी ओळख झाली की अख्ख्या सेमिस्टरमधली अर्धी कामं सोपी होतात.

पोर्टफोलिओचं तू विचारलंस. पंधरा-वीस फोटो, त्यात दोन सिरीज, बस. सुटे चांगले फोटो सगळ्यांकडे असतात, निवड करणारा माणूस बघतो की हा एका गोष्टीपाशी किती वेळ थांबू शकतो. व्हिडिओचा रील दोन-अडीच मिनिटांच्या पुढे नको, पण त्यासोबत एक पूर्ण सीन किंवा छोटी फिल्म दे, कारण रीलमध्ये कट सुंदर दिसतात पण कथा सांभाळता येते का ते कळत नाही. सबटायटल नीट तपासलेले हवेत. पत्रात तुमची शाळा जगप्रसिद्ध आहे वगैरे लिहू नकोस, त्यांना ते ठाऊक आहे. मी तिथे येऊन नक्की कशावर काम करणार ते लिही. आणि विषय असा निवड की तुला तिथे खरोखर शिरकाव मिळेल. लांबून आलेली मुलं स्थलांतरित, बेघर माणसं, रात्रीचं शहर असले विषय लिहितात, आणि पोचल्यावर कळतं की कुणीच आपल्याशी बोलत नाही. त्यापेक्षा एखादी छोटी चौकट घे, एक पोहण्याचा तलाव, एक ट्रामचं डेपो, एक हौशी गायकवृंद, जिथे तू आठवड्यातून दोनदा जाऊ शकशील आणि महिन्याभरात लोक तुझ्याकडे बघायचं सोडून देतील. जायच्या आधीच तिथल्या एका माणसाला मेल करून होकार घेतलास तर तुझा पहिला महिना वाचतो, आणि चार महिन्यांच्या सेमिस्टरमध्ये एक महिना म्हणजे खूप झालं.

सामानाकडे येते. कमी ने. एक बॉडी, दोन लेन्स, एक छोटा रेकॉर्डर, कपड्याला लावायचा चांगला लॅव्हेलियर माइक, बाकी शाळेत मिळेल. विमानात लिथियम बॅटरीचा नियम पाठ कर. सुट्या बॅटऱ्या फक्त केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही, टर्मिनलवर टेप लावलेल्या किंवा वेगवेगळ्या पाऊचमध्ये. १०० वॉट-आवरपर्यंतच्या चालतात, १०० ते १६० मधल्या विमान कंपनीची परवानगी घेऊन जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर प्रवाशाला नाहीच. वॉट-आवर म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-आवर. सोनीच्या कॅमेऱ्यांची एनपी-एफझेड१०० बॅटरी साडेसोळा वॉट-आवरच्याही खाली येते, म्हणजे कॅमेऱ्याच्या बॅटरीची चिंता नाही, चिंता व्ही-माउंटची, म्हणजे सिने कॅमेऱ्याला लावायच्या मोठ्या बॅटरीची. १४.४ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर-आवरची बॅटरी ९८ होते, म्हणून बाजारात ९८ आणि ९९ चे इतके व्ही-माउंट दिसतात.

कस्टम्स. एका विद्यार्थ्याचा एक कॅमेरा बहुतेक ठिकाणी वैयक्तिक सामान म्हणून जातो. पण ग्रुपने जाताय, दोन-तीन पेट्या सिने गिअर आहे, तर एटीए कार्नेट काढा. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने सुरू झालेली ही व्यवस्था आहे, देशोदेशीच्या चेंबर ऑफ कॉमर्स ते कागद देतात, वर्षभर चालतं, त्यात प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर असतो आणि त्या मालाची ड्युटी भरावी लागत नाही. अट एकच, प्रत्येक सीमेवर शिक्का मारून घ्यायचा, जातानाही आणि येतानाही. पहाटेच्या फ्लाइटला कस्टम्सचं टेबल रिकामं असतं आणि मुलं शिक्का न घेताच पुढे जातात, मग काही महिन्यांनी कार्नेटसाठी ठेवलेल्या डिपॉझिटवर दावा येतो. एकटा जात असलास तरी स्वतःच्या सामानाची सिरियल नंबरवार यादी आणि बिलं फोनमध्ये ठेव, परत येताना हे नवीन घेतलंय का असं विचारलं तर तीच उपयोगी पडते, आणि विम्यालाही. विमा घेताना पार्क केलेल्या गाडीतून चोरी झाली तर भरपाई आहे का ते वाच, बहुतेक पॉलिसीत नसते. शाळेकडून आणलेला कॅमेरा तुझ्या हातून पडला तर नुकसानीतले पहिले किती पैसे तुला भरावे लागतात, हेही विचार.

फिल्मवर शूट करणार असशील तर, आता बऱ्याच विमानतळांवर केबिन बॅगेसाठी सीटी स्कॅनर आलेत आणि त्यातून न धुतलेली फिल्म गेली की धुक्यासारखा थर येतो, आयएसओ, म्हणजे फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता, कमी असली तरी. पारदर्शक पिशवीत रोल ठेव आणि हाताने तपासा म्हणून नम्रपणे विनंती कर. चेक-इन बॅगेत तर मुळीच नको. सगळ्यात उत्तम म्हणजे फिल्म तिथेच विकत घे आणि तिथेच धुऊन घे.

व्हिडिओवाल्यांसाठी एक गोष्ट मी दर बॅचला सांगते, विजेची फ्रिक्वेन्सी. ज्या देशात ५० हर्ट्झ आहे तिथे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झला १२० वेळा. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं, पट्टे सरकतात. म्हणून ५० हर्ट्झच्या देशात शटर १/५० किंवा १/१००, ६० च्या देशात १/६० किंवा १/१२०. चोवीस फ्रेमवर शूट करायचंच असेल तर ५० हर्ट्झच्या देशात १/४८ च्या ऐवजी १/५० ठेव, फरक कळणार नाही आणि फ्लिकर जाईल. जपानमध्ये तर एकाच देशात दोन्ही आहेत, तोक्योकडचा पूर्व भाग ५० वर आणि ओसाकाकडचा पश्चिम भाग ६० वर, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एकीकडे जर्मन जनरेटर आले आणि दुसरीकडे अमेरिकन, ते आजतागायत तसंच राहिलंय. तोक्योत शूट करून आठवड्याने ओसाकाला गेलास आणि शटर तेच ठेवलंस की इमारतीच्या आत, दिव्याखाली घेतलेले सगळे शॉट गेले. फ्रेम रेटचंही, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचंही, तसंच, युरोपात २५ चालतं, अमेरिका-जपानात २३.९८ आणि २९.९७. तिथल्या टीमबरोबर शूट असेल तर पहिल्या मीटिंगमध्ये हे विचार, नाहीतर एडिटला मिसळताना हालचाल अडखळते. कॅमेऱ्याचे चार्जर १०० ते २४० व्होल्ट चालतात, फक्त प्लग बदलायचा, पण स्टुडिओ फ्लॅशचे हेड काही वेळा एकाच व्होल्टेजचे असतात, मागचं लेबल वाचल्याशिवाय लावू नकोस. आणि विमानातून उतरल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेला लाव, दोन बॉडी असतील तर दोन्हींचं.

ड्रोन न्यायचं असेल तर युरोपियन युनियनमध्ये कॅमेरा असलेल्या ड्रोनच्या चालकाला, ड्रोन २५० ग्रॅमच्या आतलं असलं तरी, नोंदणी लागते, बाहेरून येणाऱ्याने ज्या देशात पहिल्यांदा उडवणार तिथे करायची, उंचीची मर्यादा १२० मीटर. एका सेमिस्टरसाठी ड्रोन घरीच राहू दे असं माझं मत आहे. दोन शॉटसाठी फार ताप होतो.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, माणसांचे फोटो. आपल्याला वाटतं रस्ता सार्वजनिक आहे म्हणजे फोटोही काढता येतो आणि छापताही येतो. अमेरिकेत बऱ्याच अंशी तसं आहे, बातमी आणि कलेसाठी मोकळीक आहे, जाहिरातीला मात्र रिलीज, म्हणजे त्या माणसाची लेखी परवानगी, लागतो. पण जर्मनीत ओळखू येईल अशा माणसाचा फोटो प्रसिद्ध करायला त्याची संमती लागते असा १९०७ सालचा कायदा आजही लागू आहे, अपवाद आहेत, पण मूळ नियम तो. फ्रान्समध्येही स्वतःच्या प्रतिमेवर माणसाचा हक्क मानतात. आणि कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातलं प्रकरण तर प्रत्येक फोटो विद्यार्थ्याला माहीत हवं: मॉन्ट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर नुसती बसलेली १७ वर्षांची मुलगी, तिचा फोटो एका कलाविषयक मासिकात तिला न विचारता छापला, फोटोत लाजिरवाणं काहीही नव्हतं, तरी १९९८ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि तिला २००० डॉलर भरपाई कायम ठेवली. जाहिरात नव्हती, कलेचं मासिक होतं, तरीही. म्हणजे मी विद्यार्थी आहे, हे आर्ट आहे, असं म्हणून सुटका होत नाही. त्यात २०१८ पासून युरोपात जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, फोटो आणि त्यासोबतचं नाव, पत्ता हा वैयक्तिक डेटा धरला जातो.

म्हणून रिलीज फॉर्म तिथल्या भाषेत छापून खिशात ठेव, एका पानाचा, सोप्या वाक्यांचा, शाळेकडे तयार नमुना असतोच. त्यावर प्रदर्शन, पोर्टफोलिओ, ऑनलाइन आणि फेस्टिवल हे चारही उपयोग वेगवेगळे लिहिलेले असू देत, माणसाला हवं त्यावर खूण करू दे. अठराच्या खाली असेल तर पालकांची सही. आणि फॉर्म पुढे करायच्या आधी बस, बोल, तू कोण, कुठून आलास, हे कशासाठी करतोयस ते सांग. भाषा येत नसेल तर छापलेले फोटो घेऊन परत जा आणि एक प्रिंट त्याला दे. जे माणसाला प्रिंट द्यायला परत जातात त्यांचे पुढचे फोटो वेगळेच येतात, हे मी इतक्या जणांच्या कामात बघितलंय की त्याबद्दल मला शंकाच उरलेली नाही. इमारतींचंही लक्षात ठेव, आयफेल टॉवर दिवसा कसाही वापर, पण रात्रीच्या रोषणाईवर स्वतंत्र हक्क सांगितला जातो, व्यावसायिक वापराला परवानगी मागतात. आणि फिल्ममधलं संगीत सुरुवातीपासून वापरायचा हक्क हातात असलेलंच घे, एडिट लॉक झाल्यावर गाणं बदललं की फिल्मचा कणाच हलतो.

डेटाचा हिशोब जायच्या आधी कागदावर कर. सेकंदाला १०० मेगाबिटवर शूट केलेलं फोर-के ताशी ४५ जीबी होतं. ४०० मेगाबिटवर १८०. होस्टेलच्या इंटरनेटला अपलोड २० मेगाबिट मिळालं, तर १०० मेगाबिटवरचा एक तास वर चढायलाही पाच तास लागतात, म्हणजे क्लाउडवर टाकू हा विचार व्हिडिओसाठी सोडून दे. पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम पाळ, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. क्लाउडवर निदान निवडक फोटो आणि प्रोजेक्ट फाइल टाक, दुसरी ड्राइव्ह शाळेच्या लॉकरमध्ये. खोलीतल्या एकाच बॅगेत दोन ड्राइव्ह ठेवल्या तर बॅगेबरोबर दोन्ही जातात. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर, मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालते. आणि तिथल्या लॅबमध्ये एडिटिंगच्या रिझॉल्व्हचं किंवा प्रीमिअरचं कुठलं व्हर्जन आहे ते विचार, नव्या व्हर्जनमध्ये उघडलेला प्रोजेक्ट जुन्यात परत उघडत नाही, आणि परत आल्यावर तुमच्याकडचं व्हर्जन जुनं निघालं तर टाइमलाइन तिकडेच राहिली. निघायच्या आधी प्रोरेस मास्टर (उत्तम दर्जाची अंतिम फाइल), सबटायटलशिवायची क्लीन कॉपी, आवाजाचे वेगळे ट्रॅक आणि टाइमलाइनची एक्सएमएल फाइल, हे सगळं काढून घे. लॅबचा अॅक्सेस बहुतेक ठिकाणी सेमिस्टर संपल्यावर लगेच बंद होतो.

तर तुझा मूळ प्रश्न, दोन्हीतलं कुठलं. तू तिसऱ्या वर्षाला आहेस, डिग्री अजून व्हायची आहे, म्हणून शाळा तुला स्वतःचा प्रोजेक्ट देत असेल आणि तो दाखवायची लेखी मुभा देत असेल तर सेमिस्टर घे. स्टुडिओतलं काम तुला नंतरही मिळेल, इरॅस्मस प्लसमध्येच डिग्रीनंतर १२ महिन्यांच्या आत करता येणारी ट्रेनीशिप आहे, तुमच्या कॉलेजच्या करारात ती बसते का बघ. पण क्रिटमध्ये बसून सवडीने चुकत शिकायची मुभा विद्यार्थी असतानाच असते, नंतर कुणी देत नाही. शाळेने प्रोजेक्टला नाही म्हटलं, आणि स्टुडिओने मात्र नाव, काम आणि रीलसाठीची परवानगी लिहून दिली, तर उलट कर, स्टुडिओत जा, शाळेच्या नावाकडे बघून थांबू नकोस.

दोघांनाही याच आठवड्यात मेल टाक आणि त्यात मागच्या वर्षी तिथे गेलेल्या एका विद्यार्थ्याशी बोलायला मिळेल का ते विचार. तो जे सांगेल ते ब्रोशरमध्ये नसतं. त्याला फक्त एवढंच विचार, की तिथे केलेलं कुठलं काम आज तुझ्या साइटवर आहे, आणि तो लिंक पाठवेल ती नीट बघ.